शनिवारच्या उपासाचं ताट

आज आम्ही बोलणार आहोत उपवासाबद्दल. कोणत्या देवाला कोणता वार, उद्यापन कसं करायचं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आम्हाला सांगायचा आहे तो उपासाच्या ताटाचा इतिहास. या ताटात काय होतं, काय आलं, कुठून आलं आणि ते इतकं जड कधी झालं, याचा.

आपला नेवासे तालुका म्हणजे शनिवारचा तालुका. घोडेगावच्या फाट्यावरून या किंवा राहुरीकडून सोनईमार्गे या, शनिवारी शिंगणापूरच्या रस्त्याला गर्दी असतेच. शनी अमावस्येला तर पाय ठेवायला जागा मिळत नाही. उघड्या चौथऱ्यावरची ती काळी शिळा, तिच्यावर वाहिलं जाणारं तेल, दाराविना असलेली घरं, हे सगळं जगाला माहीत झालं आहे. चौथऱ्यावर जायला बायकांना २०१६ सालचा एप्रिल उजाडावा लागला. उपवास मात्र त्या कितीतरी आधीपासून धरत आल्या आहेत. नवऱ्याची साडेसाती, मुलाची नोकरी, सासऱ्यांचं दुखणं, कारण कुणाचंही असो, शनिवार धरते ती घरातली बाई.

आणि याच बाईला आता डॉक्टर सांगतात, वजन वाढलंय, साखर वाढलीय, खाणं कमी करा. ती म्हणते, अहो, मी तर आठवड्यातून एक दिवस उपाशीच असते! ती खोटं बोलत नाही. तिला खरंच तसं वाटतं. हे वाटणं आणि ताट यांच्यात अंतर कसं पडलं, ते आज पाहू.

पहिल्यांदा जुना उपवास पाहू. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी हेमाद्री नावाचा मंत्री होता. आपण त्याला हेमाडपंत म्हणतो. त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यातल्या व्रतखंडात व्रतांचा प्रचंड साठा गोळा केला. धर्मशास्त्रात उपासाचे प्रकार आहेत. दिवसातून एकदाच जेवायचं ते एकभुक्त. दिवसभर न खाता रात्री एकदा जेवायचं ते नक्त. न मागता जे मिळेल तेवढंच खायचं ते अयाचित. आणि काहीच खायचं नाही तो पुरता उपवास. या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. किती वेळा आणि किती खायचं, हे ठरलेलं आहे. म्हणजे उपासाला माप होतं.

त्याच काळात, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, आपल्याच नेवाशात प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या सहाव्या अध्यायात म्हटलं आहे की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. आहार मोजका हवा, झोप मोजकी हवी, काम मोजकं हवं. माउलींनी हाच अर्थ आपल्या मराठीत उलगडून दाखवला. उपासमारही नको आणि पोटाला तडस लागेपर्यंत खाणंही नको, हे सातशे वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात सांगून झालेलं आहे.

आता एक शब्द बघा. फराळ. हा शब्द आला आहे ‘फलाहार’ वरून. उपासाला फळं, कंदमुळं, दूध एवढंच घ्यायचं, तो फलाहार. बोलता बोलता त्याचा फराळ झाला. आज फराळ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दिवाळीची चकली, करंजी, शंकरपाळी. झाडावरून उतरलेला शब्द कढईत जाऊन पडला. भाषेनेच आपल्या ताटाची नोंद ठेवली आहे.

मग ताटात नवं काय आलं? उपासाची यादी म्हणून बघा. बटाटा, शेंगदाणे, रताळं, मिरची, साबुदाणा, राजगिरा. यांतल्या बहुतेकांचं मूळ आपल्या देशातलं नाही. बटाटा, भुईमूग, रताळं आणि मिरची ही सगळी मुळात अमेरिका खंडातली. राजगिऱ्याच्या दाण्याचे आज पिकणारे मुख्य वाणही तिकडचेच. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, आणि पुढच्या शे-दोनशे वर्षांत जहाजांतून ही पिकं जगभर फिरली. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीजांच्या ‘बटाटा’ वरून आपल्याकडे आला. हेमाद्रीच्या काळात यांतलं काही इथे नव्हतं. तेव्हा त्याच्या ग्रंथात बटाट्याला हो किंवा नाही म्हटलेलं असणं शक्यच नव्हतं.

इथेच सगळी मेख आहे. उपासाला धान्य चालत नाही, हा नियम जुना. तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी नकोत. पण ज्या वस्तू नियम केला तेव्हा इथे नव्हत्याच, त्या बंदीच्या यादीत येणार कशा? बटाटा कंद म्हणून चालला. शेंगदाणा जमिनीखाली लागतो, तोही चालला. नियमाचा शब्द पाळला गेला. कमी खावं हा त्याच्यामागचा हेतू हळूहळू सुटला. यात कुणाची लबाडी नव्हती. दिवसभर शेतात राबणारी बाई उपाशीपोटी चक्कर येऊन पडण्यापेक्षा चार शेंगदाणे आणि एक रताळं खात होती, ते योग्यच होतं.

साबुदाण्याची कहाणी तर आणखी गमतीची. ‘सागू’ हा मलय भाषेतला शब्द. तिकडच्या बेटांवर सागू नावाचं ताडासारखं झाड असतं. त्याच्या खोडातल्या गरापासून पिठूळ दाणे करत. एकोणिसाव्या शतकात सिंगापूरहून हे दाणे जगभर जात. आपण त्याला ‘साबुदाणा’ म्हणू लागलो. आज आपण खातो तो मात्र त्या झाडाचा नाही. तो टॅपिओकाच्या, म्हणजे कसावाच्या कंदाचा. हा कंदही दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी आणलेला. केरळात तो रुजला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० नंतर दुष्काळात लोकांना आधार म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारा माल बंद पडला, तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलम भागात कसावापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. आजही आपल्या दुकानातल्या साबुदाण्याचं मोठं माहेर सेलमच आहे.

तो करतात कसा, तेही ऐका. कंद सोलायचा, किसायचा, पाण्यात धुवायचा. खाली पांढरा साका बसतो. त्याचे दाणे वळायचे, भाजायचे, वाळवायचे. चोथा बाजूला पडतो. म्हणजे हाती उरतं ते जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल आणि तंतूही नाहीत. दुष्काळात जीव जगवायला हे उत्तम अन्न. रोज पोटभर खाणाऱ्याने उपासाला खावं असं त्यात काय आहे, हा प्रश्न मात्र विचारायला हवा.

आता तराजू काढू. अन्नातली ऊर्जा उष्मांकांत, म्हणजे कॅलरीत मोजतात. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन साधारण ४ उष्मांक देतं. एक ग्रॅम तेल किंवा तूप देतं ९. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

एका माणसाची भरलेली बशी खिचडी घ्या. कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, त्याचे सुमारे २६०. दाण्याचा कूट ३० ग्रॅम, त्याचे १७०. एक लहान बटाटा, ४०. तूप किंवा तेल २० ग्रॅम, त्याचे १८०. बेरीज झाली ६५०. आता रोजचं जेवण घ्या. ज्वारीच्या दोन भाकरी, प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या, मिळून ४२० च्या आसपास. सोबत चमचाभर तेलातली पालेभाजी, ८०. बेरीज ५००. म्हणजे रोजच्या जेवणापेक्षा उपासाची एक बशी दीडशेने जड. शिवाय भाकरीतून १२ ग्रॅम प्रथिन मिळालं. खिचडीत जे सात-आठ ग्रॅम मिळालं, ते जवळजवळ सगळं शेंगदाण्याचं.

आणि उपास एका बशीवर थांबतो का? सकाळपासून साखरेचा चहा तीन वेळा, धरा २००. एक केळं, १००. मूठभर बटाट्याचे वेफर, १६०. एक दाण्याचा लाडू, २००. शिंगणापूरच्या रस्त्यावर बैलाच्या घाण्याची रसवंती लागते, ऊस काही धान्य नव्हे, तेव्हा एक ग्लास रस, सुमारे १५०. खिचडी धरून हे झाले १४६० आणि अजून संध्याकाळ व्हायची आहे. रात्री उपवास सोडायचा म्हणजे पोळी, भाजी, वरणभात, थोडा शिरा, किमान ८००. दिवसाचे झाले सव्वादोन हजारांच्या वर. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

हे कळत का नाही? कारण पोट उष्मांक मोजत नाही. पोटाला कळतो तो घास, त्याचं आकारमान, त्यातलं पाणी आणि चोथा. भाकरी चावावी लागते, भाजीने ताट भरतं, म्हणून पोट वेळेवर ‘पुरे’ म्हणतं. तूप आणि कूट थोड्याशा जागेत खूप काही घेऊन येतात आणि पोटाला पत्ता लागू देत नाहीत. शिवाय मन सांगत असतं, आज आपण जेवलोच नाही. जेवण झालं नाही म्हणून मधलं काहीच हिशोबात धरलं जात नाही.

यावर कुणी म्हणेल, आमच्या आज्या हेच खात होत्या, त्यांना कुठे साखर झाली? प्रश्न रास्त आहे. उत्तर त्यांच्या कामात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे हिशोब दिले, त्यांत ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० उष्मांक पुरतात. मध्यम कष्टाच्या बाईला २१३० लागतात. जड कष्टाच्या बाईला २७२०. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात हजारांहून जास्त फरक आहे. आजी पहाटे जात्यावर दळायची, विहिरीचं पाणी ओढायची, सरपणाची मोळी आणायची, शेतावर चालत जायची. तिचं शरीर २७२० मागत होतं आणि पुष्कळदा तेवढं तिला मिळतही नव्हतं.

आपला जिल्हा अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या बायका अजून गावोगाव आहेत. नाल्याच्या, रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर त्यांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, पोरांना सुकडी मिळायची. त्या वर्षी उपवास कॅलेंडर बघून धरावे लागले नाहीत. अशा बाईच्या अंगावर एका शनिवारची खिचडी चढणार कुठे? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती घामात निघून जायची.

नंतर काळ बदलला आणि तो बदलला हे चांगलंच झालं. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मुळा धरण झालं, पाट आले, ऊस आला, सोनईला कारखाना आला. गिरणीने जातं सोडवलं, नळाने रहाट सोडवला, गॅसने मोळी सोडवली. बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्याबरोबर तिच्या शरीराची मागणीही उतरली, हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही. ताट दुष्काळ आठवून वाढलं जातं आणि खाणारी बसते शिलाईच्या मशीनपुढे किंवा दुकानाच्या गल्ल्यावर.

यात आपल्या शरीराची एक खोड आहे. तिचा शोध आपल्या महाराष्ट्रातच लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या कष्टकरी बायका होत्या, दिवसाला १८०० च्या आसपास उष्मांक खाणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपली बाळं सगळ्या बाजूंनी सारखी बारीक नव्हती. त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून ‘मी तर बारीकच आहे’ या शब्दावर आपण फार विसंबू नये. पिढ्यान् पिढ्या अपुरं खाल्लेल्या शरीरात जादाचं अन्न आलं की ते पोटाभोवती साठतं. साखरेचा आजार तिथूनच डोकावतो.

आता शनिवारचा हिशोब पुरा करू. सव्वादोन हजारांतून १६६० वजा केले तर सहाशे जादा. बावन्न शनिवारांचे झाले ३१,२००. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात, म्हणजे वर्षाला चार किलो. हा झाला कागदावरचा हिशोब. शरीर इतकं सरळ गणित करत नाही. कुणाचं वजन कमी वाढतं, कुणी दुसऱ्या दिवशी आपोआप कमी खातं. पण ज्या दिवसाने वजन उतरायचं, तोच दिवस ते चढवतो आहे, एवढं या कागदावरूनही दिसतं.

मग उपवास सोडून द्यावा का? आम्ही तसं मुळीच म्हणत नाही. ज्याची त्याची श्रद्धा असते आणि बाईला आठवड्यातून एक दिवस स्वतःचा म्हणून मिळतो, तो का सोडावा? आमचं म्हणणं एवढंच की जुनं माप परत आणावं. एकभुक्त म्हणजे एकदाच, तर खरोखर एकदाच. खिचडी करायची तर साबुदाणा वाटीने मोजून, तूप चमच्याने मोजून, कूट निम्मा. सोबत काकडी, ताक, एखादं फळ. आणि उपवास सोडताना नेहमीचंच जेवण, सणाचं नको.

साबुदाण्याऐवजी भगर करता येईल. वरई हे आपलं जुनं तृणधान्य, आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगरात पिकणारं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ते याच डोंगरातलं गाव. साठ ग्रॅम भगर, थोड्या कुटाची आमटी आणि चमचाभर तूप एवढं मिळून साडेतीनशेच्या आत बसतं. भगरीत जादू नाही. ग्रॅमाला ग्रॅम तिचे उष्मांक साबुदाण्याएवढेच. पण ती पाण्यात फुलते, तूप कमी मागते आणि प्रथिन व तंतू देते, म्हणून पोट लवकर भरतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, ज्यांचं रक्त कमी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. गोळी घेऊन न खाणं जिवावर बेतू शकतं.

शेवटी तेलाचं सांगतो. २०२५ च्या मार्चपासून शिंगणापूरला शिळेवर शुद्ध खाद्यतेलच वाहायचं, असा नियम झाला. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते, ही त्यामागची काळजी. देवाच्या अंगावर कोणतं तेल पडतं याची गावाने चौकशी केली, तशी आपण घरच्या तेलाची करू. पंधरा किलोचा डबा फोडला की त्यावर खडूने तारीख लिहा. पाच माणसांच्या घरात तो दोन महिन्यांत संपला, तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल पोटात गेलं, म्हणजे ४५० उष्मांक नुसत्या तेलाचे. तोच डबा चार महिने पुरला, तर ते निम्म्यावर आलं. याला ना काटा लागतो, ना डॉक्टर. खडूचा एक तुकडा पुरतो.

येत्या शनिवारी ताट वाढाल तेव्हा एकदा मोजून वाढा. पुढच्या भेटीपर्यंत डब्यावरची तारीख आम्हाला नक्की कळवा. नमस्कार.